पिसुर्ल्याचे पांडुरंग आणि शेजारी राजांचे दप्तर

नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेला लागलेला माणूस राज्याची हद्द ओलांडतो. भाषेची हद्द मात्र त्याला बराच वेळ लागत नाही. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा या गावांत आजही घरात आणि बाजारात मराठी बोलली जाते. हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ मध्ये पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात गेला. काही वर्षांपूर्वी जाम नदीकाठच्या लोधीखेड्यात एका जुन्या घरी जाण्याचा योग आला. यजमानांनी माजघरातून एक गाठोडे आणून माझ्यापुढे ठेवले. आत मोडीत लिहिलेले कागद होते. काहींच्या कडा कसरीने खाल्लेल्या, काही एकमेकांना चिकटलेले. हे जमिनीचे की कर्जाचे, सरकारी की घरगुती, कोणत्या पिढीचे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मोडी मलाही सफाईने वाचता येत नाही. कागद जपले गेले होते, पण कशाचे ते सांगणारी एक चिठ्ठीसुद्धा त्यांच्यासोबत नव्हती. गाठोडे जसे सुटले तसे पुन्हा बांधले गेले.

परतीच्या प्रवासात मला डॉ. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर आठवत राहिले. गोव्यात त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ते तळटिपांतून वारंवार वाचलेले असते. परंतु या माणसाने नेमके काय केले, असे विचारले तर उत्तर बहुधा इतकेच मिळते की ते मोठे इतिहासकार होते. ते खरेच आहे. तरी त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग इतिहास लिहिण्यात नव्हे, तर इतिहासाचे कागद लावण्यात गेला. कोणत्या खंडात काय आहे, ते कोणी कोणाला कधी लिहिले, त्याचा जोड-कागद कोठे सापडेल, याची वाट आखून देण्यात गेला. या कामाचा बोलबाला होत नाही, कारण ते नीट झाले की नंतर येणाऱ्याला ते मुळापासूनच तसे होते असे वाटू लागते.

पिसुर्लेकरांच्या हाती जे दप्तर आले त्याची कथा त्यांच्या जन्माच्या तीनशे वर्षे आधी सुरू होते. १५९५ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या आज्ञेने गोव्यात एक दप्तरखाना स्थापन झाला. लिस्बनच्या राजदप्तराचे तोर्रे दो तोम्बो हे नाव त्यालाही मिळाले आणि दियोगो दो कौतो हे त्याचे पहिले रक्षक झाले. कौतो हे स्वतः बखरकाराच्या जातीचे; पोर्तुगीजांच्या आशियातील कारभाराचा इतिहास लिहिणे हेच त्यांचे काम होते आणि त्यासाठी कागद हाताशी हवे होते. राज्यकर्त्यांना मात्र दप्तर हवे होते ते वेगळ्या कारणासाठी. आपण कोणाला काय वचन दिले, कोणती जमीन कोणाला दिली, कोणत्या राजाशी कोणत्या अटींवर तह केला, याचा पुरावा जवळ असल्याशिवाय इतक्या दूरचे राज्य चालत नाही.

लिस्बन आणि गोवा यांच्यातील पत्रव्यवहार वाऱ्याच्या भरवशावर चाले. जहाजे वसंतात लिस्बनहून निघत आणि पावसाळा ओसरता ओसरता गोव्याला लागत. परतीची जहाजे हिवाळ्यात सुटत. म्हणून राजाची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे ज्या खंडांत बांधली गेली त्यांना मोसमांची पुस्तके असेच नाव पडले. एका प्रश्नाला उत्तर यायला दीड-दोन वर्षे लागत आणि तोवर प्रश्नच बदललेला असे. या मालिकेतले आरंभीचे बासष्ट खंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनला नेण्यात आले. उरलेले गोव्यातच राहिले आणि आज अभ्यासकांना एकाच मालिकेसाठी दोन खंडांत फिरावे लागते.

याखेरीज आणखी किती तरी मालिका होत्या. राज्य मंडळाच्या गुप्त बैठकांचे ठराव, तहांची पुस्तके, नेमणुकांची पत्रे, किल्ल्यांच्या खर्चाचे हिशेब, समुद्रात फिरणाऱ्या जहाजांना दिलेले परवाने, गावकऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी. आणि मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी एक मालिका, जिचे नाव शब्दशः शेजारी राजे असे होते. व्हाइसरॉयने आसपासच्या सत्ताधीशांना पाठवलेल्या पत्रांच्या नकला तीत होत्या. हे शेजारी म्हणजे कोण? शिवाजी महाराज, संभाजी महाराज, सावंतवाडीकर, सौंध्याचे राजे, विजापूरकर, मोगल सुभेदार. आपण ज्यांना इतिहासाचे नायक मानतो ते या खंडांत शेजारी म्हणून भेटतात. कधी गोड बोलायचे असे, कधी सावध राहायचे असे.

एकोणिसाव्या शतकात या कागदांकडे पहिल्यांदा अभ्यासकाची नजर वळली. जोआकिम एलिओदोरो द कुन्य रिव्हारा १८५५ मध्ये गोवा सरकारचे मुख्य सचिव म्हणून आले. त्याआधी ते पोर्तुगालमधील एव्होरा शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते आणि तेथील हस्तलिखितांची सूची त्यांनी सिद्ध केली होती. ग्रंथपालाची ती सवय घेऊनच ते गोव्यात आले. १८५७ पासून त्यांनी गोव्याच्या दप्तरातील निवडक कागद खंडशः छापायला घेतले. कोकणी भाषेच्या इतिहासावरचा त्यांचा निबंधही याच काळातला. पण रिव्हारा हे बाहेरून आलेले अधिकारी. मराठी आणि मोडीचे जग त्यांना दुरूनच दिसत होते.

पांडुरंग पिसुर्लेकरांचा जन्म ३० मे १८९४ रोजी सत्तरीतील पिसुर्ले गावी झाला. गावाचे नाव आज लोहखनिजाच्या खाणींमुळे ओळखले जाते. त्या काळी ते डोंगर आणि जंगल यांच्या कुशीतले एक लहान खेडे होते. सत्तरी हा नव्या काबिजादीचा मुलूख. मराठी संस्कार, देवळे, कीर्तन, पोथ्या तेथे टिकून होत्या, आणि राण्यांच्या बंडांची आठवणही ताजी होती. दादा राण्यांचे बंड झाले ते १८९५ मध्ये, म्हणजे पांडुरंग वर्षभराचे असताना. घरात मराठी, सरकारात पोर्तुगीज, आणि दोहोंच्या मध्ये एक अदृश्य कुंपण, अशा परिस्थितीत हा मुलगा वाढला.

ते कुंपण अंशतः मोडले ते १९१० मध्ये. ऑक्टोबरात लिस्बनला राजेशाही उलथली आणि प्रजासत्ताक आले. त्याने हिंदूंना कायद्यासमोर बरोबरीचे स्थान दिले आणि सरकारी नोकऱ्यांची दारे, निदान तत्त्वतः, उघडली. पिसुर्लेकर तेव्हा सोळा वर्षांचे होते. गोव्यातील हिंदू समाजाने शाळा, वाचनालये आणि वृत्तपत्रे काढण्याचा जो धडाका पुढील दोन दशकांत लावला, त्याच हवेत त्यांची घडण झाली. पोर्तुगीज भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की पुढे त्यांचे बहुतेक लेखन त्याच भाषेत झाले. एका मराठी माणसाने मराठ्यांचा इतिहास पोर्तुगीजमध्ये लिहावा, हा योग विचित्र वाटतो. पण ज्यांच्या घरातले कागद त्यांना तपासायचे होते त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणे त्यांना भागच होते.

महाराष्ट्रात त्या वेळी साधनांचा शोध ऐन भरात होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून आणि पेटाऱ्यांतून कागद मिळवून, मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड प्रसिद्ध करीत होते. १९१० मध्येच पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मराठ्यांचा इतिहास बखरींवर आणि ऐकीव कथांवर न लिहिता अस्सल कागदांवर लिहावा, हा ध्यास मराठी बुद्धिवंतांना लागला होता. मात्र मराठ्यांच्या समुद्राकडील बाजूचा पुरावा पुण्यात पुरेसा नव्हता. शिवकाळातील मराठी दप्तर बहुतांशी नष्ट झाले आहे. रायगड पडला तेव्हा काय जळाले आणि काय लुटले गेले याचा हिशेब कोणाला देता येणार नाही. ज्यांच्याशी मराठे लढले आणि ज्यांच्याशी त्यांनी तह केले, त्यांचे दप्तर मात्र पणजीत सुरक्षित होते. तेथवर पोहोचणारा, ती भाषा जाणणारा आणि मराठी संदर्भ ओळखणारा माणूस तेवढा हवा होता.

१९२६ मध्ये पणजीच्या वास्को द गामा संस्थेची नियतकालिका निघू लागली. आज आपण ज्या संस्थेला मिनेझिस ब्रागांझा संस्था म्हणतो तीच ही. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांवरची पिसुर्लेकरांची लेखमाला या नियतकालिकेत क्रमाने येऊ लागली. शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू अशा पायऱ्यांनी ती वर्षानुवर्षे चालली. लिहिणारा तिशीतला होता आणि हाताशी होते ते प्रामुख्याने दप्तरातले कागद. पुण्या-मुंबईच्या इतिहासकारांचे लक्ष या लेखांनी वेधले. सर जदुनाथ सरकारांसारख्या मोगल आणि मराठा इतिहासाच्या अभ्यासकाला पोर्तुगीज साधनांसाठी ज्या माणसाकडे पाहावे लागे तो हाच.

१९३० च्या दशकाच्या आरंभी पिसुर्लेकरांकडे गोव्याच्या ऐतिहासिक दप्तरखान्याची सूत्रे आली आणि १९६१ पर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, ती त्यांच्याकडेच राहिली.

दप्तर लावणे म्हणजे काय, हे थोडे खुलासेवार सांगितले पाहिजे, कारण त्यातच या माणसाचे मोठेपण आहे. गोव्याची हवा कागदाची वैरीण. चार महिने ओल, उरलेले महिने दमट उष्मा. त्यात वाळवी आणि कसर. जुनी शाई लोखंडाच्या क्षारापासून केलेली असे, ती काळाबरोबर कागद जाळत जाते. ज्या ओळी सर्वांत ठसठशीत लिहिल्या त्याच आधी चाळणीसारख्या होऊन गळतात. सतराव्या शतकातील पोर्तुगीज कारकुनाचे अक्षर वळणदार, शब्द अर्ध्यावर तोडून वर लहान अक्षर टांगलेले, विरामचिन्हांचा पत्ता नाही. हे वाचता येऊ लागले की खरी अडचण सुरू होते, ती नावांची.

पोर्तुगीज कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. शिवाजी तेथे सेवाजी होतो. आदिलखान इदालकाव होतो, निजामुल्मुल्क निझामालुको होतो, वाडीचे भोसले बौंसुलो होतात. शेणवी हा शब्द सिनाय असा लिहिला जातो. खुद्द पिसुर्लेकरांचे आडनावही सरकारदरबारी त्याच वळणाने लिहिले जाई. एकच माणूस तीन खंडांत तीन प्रकारे लिहिलेला आढळतो आणि तीन निराळी माणसे एकाच नावाखाली लपलेली असतात. युरोपातून आलेला उत्तम पुराभिलेखतज्ज्ञसुद्धा येथे अडेल, कारण सिनाय वाचताना त्याच्या कानात शेणवी वाजत नाही. पिसुर्लेकरांच्या कानात तो वाजत होता. गावांची नावे, हुद्दे, देवळे, नदीचे उतार, कोणत्या घराण्याचे कोणाशी नाते, ही माहिती त्यांना पुस्तकातून मिळवावी लागली नाही. शिवाय तिथींचा मेळ घालायचा असे. एकीकडे ग्रेगरीय तारीख, दुसरीकडे शक आणि संवत्सर, तिसरीकडे हिजरी आणि सुहूर सन. एका तहाची तारीख चुकली की मागचे-पुढचे सारे पत्र उलटे लागते.

प्रत्येक खंड हातात घ्यायचा, पाने मोजायची, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे कागद आहेत ते पाहायचे, बांधणाऱ्याने चुकून दुसऱ्या मालिकेतले पत्र आत शिवले असेल तर त्याची नोंद करायची, विषय एका-दोन ओळींत सांगायचा, आणि पुढच्या खंडाकडे वळायचे. रोज हेच. यात शोधाचा आनंद अधूनमधून येतो. बाकीचे दिवस धुळीचे. ज्याला लिहायची हौस आहे त्याला हे काम जाचते, आणि ज्याला नुसते कारकुनी कामच येते त्याला काय महत्त्वाचे हे कळत नाही. दोन्ही अंगे एका माणसात असणे दुर्मिळ.

या परिश्रमाचे सार त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोर्तुगीज भारताच्या दप्तरांच्या मार्गदर्शिकेत सापडते. बार्देशातील बस्तोडा येथील रांजेल छापखान्यात ती छापली गेली. त्यांचे बहुतेक मोठे ग्रंथ याच छापखान्यातून बाहेर पडले. गोव्याच्या एका खेड्यातील छापखान्याने जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर जागा मिळवली, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. पिसुर्लेकरांच्या मार्गदर्शिकेत कोणत्या मालिका आहेत, त्यांचे स्वरूप काय, काळ कोणता, हे एका ठिकाणी आले. आधी दप्तर ज्याच्या ओळखीचे असेल त्यालाच ते उघडत होते. आता पत्ता विचारीत येणाऱ्या परक्यालाही ते उघडू लागले.

त्याहून मोठे काम म्हणजे राज्य मंडळाच्या ठरावांचे पाच खंड. १६१८ ते १७५० या काळातील बैठकांचे हे वृत्तांत १९५३ ते १९५७ या अवघ्या पाच वर्षांत त्यांनी संपादून छापले. व्हाइसरॉय, आर्चबिशप, सेनाधिकारी, न्यायाधीश एका खोलीत बसून काय ठरवीत होते ते या खंडांत आहे. ठराव नुसते छापून ते थांबले नाहीत. एका ठरावात ज्या पत्राचा उल्लेख येतो ते पत्र दुसऱ्या मालिकेत असते, आणि त्याचे उत्तर तिसऱ्या. पिसुर्लेकरांनी ते कागद शोधून टिपांत आणि पुरवण्यांत जोडले. त्यामुळे हे खंड वाचताना वाचक एका दप्तरातून दुसऱ्यात हात धरून नेला जातो. ज्याने तीस वर्षे तीच कपाटे उघडली आहेत त्यालाच हे साधते.

चौथ्या खंडातील काळ १६५९ ते १६९५ असा आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या उदयापासून संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या धुमाळीपर्यंतचा. १६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांचे सैन्य बार्देशात उतरले आणि त्यानंतर डिसेंबरात तह झाला, हे प्रकरण याच काळातले. १६८३ चे प्रकरण तर गोमंतकीयांच्या मनात खोल रुजलेले आहे. नोव्हेंबरात व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि हात हलवीत परतला. महिनाअखेरीस संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले. बेट परत घेण्याच्या प्रयत्नात खुद्द व्हाइसरॉय जखमी झाला आणि हतबल होऊन त्याने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीशी नेऊन ठेवला. मराठी परंपरा याच लढाईतली खंडो बल्लाळांची हकिकत सांगते, भरतीच्या पाण्यात धन्याला वाचवल्याची. एका काठावरची आठवण अशी आणि दुसऱ्या काठावरची तशी. दोन्ही काठांचे कागद समोर असले तरच मधल्या पाण्याची खोली कळते. पिसुर्लेकरांनी दुसरा काठ आपल्याला वाचता येईल असा करून दिला. पाचवा खंड १६९६ ते १७५० चा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसई पडली, तो काळ त्यात येतो. मराठ्यांचा विजय आपण पोवाड्यांतून ऐकला आहे. हरणाऱ्यांच्या बाजूने पैसा, माणसे आणि दारूगोळा यांची ओढाताण कशी चालली होती, हे वाचल्यावर त्या विजयाचे वजन अधिक नेमके लक्षात येते.

माझ्या मते त्यांचा सर्वांत जिव्हाळ्याचा ग्रंथ मात्र निराळाच आहे. १९५२ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांच्या भारतातील राजनैतिक प्रतिनिधींवर एक ग्रंथ सिद्ध केला. हे प्रतिनिधी हिंदू, मुसलमान, यहुदी आणि पारशी होते. शिवाजी महाराजांच्या दरबारी, पेशव्यांकडे, मोगलांकडे पोर्तुगीजांच्या वतीने जाणारे, बोलणी करणारे, पत्रे भाषांतरित करणारे हे लोक. त्यांत गोव्याचे शेणवी कितीतरी. व्हाइसरॉयच्या नावाने तह लिहिला जाई, पण अटींची घासाघीस करणारा माणूस बहुधा हा असे. राज्यकर्त्यांच्या इतिहासात त्याला जागा नव्हती. मराठ्यांच्या इतिहासात तो परक्याचा चाकर म्हणून बाजूला पडला. पिसुर्लेकरांनी सुट्या पत्रांतून, पगाराच्या नोंदींतून, शिफारशींतून त्यांची नावे वेचली आणि प्रत्येकाला त्याचे चरित्र दिले.

हे करताना आपण स्वतः त्याच परंपरेतले आहोत याची जाणीव त्यांना नसेल असे मानणे कठीण आहे. तेही एक शेणवी, दोन भाषांच्या मध्ये उभे, परक्या सत्तेच्या चाकरीत. सालाझारच्या राजवटीत गोव्यात सभा, लेखन, संघटना या सर्वांवर निर्बंध होते. १९४६ च्या जूनमध्ये राममनोहर लोहियांनी मडगावात कायदेभंग केला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर सीमेवर गोळीबार झाला. त्याच वर्षी पिसुर्लेकरांची मार्गदर्शिका छापून बाहेर आली. काही तरुण तुरुंगात जात होते आणि हा मध्यमवयीन अधिकारी सतराव्या शतकातील ठरावांच्या टिपा लिहीत होता. यावर बोट ठेवणारे तेव्हाही असणार, आजही असू शकतात. मला त्यांना वीर ठरवायचे नाही. पण सत्ता बदलताना दप्तरांचे काय होते, याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. कागद जाळले जातात, पळवले जातात, किंवा कुलूपबंद खोलीत कुजतात. कशाचा कागद कोठे आहे हे छापील पुस्तकात नोंदले गेले की तो गुपचूप नाहीसा करणे अवघड होते. १९५० च्या दशकात लिस्बनने गोव्यातील बरेच कागद सूक्ष्मपटांवर उतरवून नेले. मूळ कागद मात्र पणजीतच राहिले.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पिसुर्लेकरांची कारकीर्द संपली आणि दप्तर नव्या शासनाकडे गेले. पुढे डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी त्याची धुरा वाहिली आणि १९७३ मध्ये गोवा दप्तरातील संग्रहांची इंग्रजी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पोर्तुगीज न जाणणाऱ्या भारतीय अभ्यासकांसाठी ते आवश्यकच होते. ही नवी मार्गदर्शिका ज्या भूमीवर उभी राहिली ती तीस वर्षे पिसुर्लेकरांनी नांगरलेली होती.

एक खंत मात्र त्यांच्या चाहत्यांनाही बोलून दाखवावी लागते. ज्यांच्यासाठी हे सारे सर्वाधिक मोलाचे होते त्या मराठी वाचकापर्यंत ते फार उशिरा पोहोचले. १९२६ पासून लिहिलेली लेखमाला पोर्तुगीज नियतकालिकेच्या अंकांत विखुरलेली होती. मराठी इतिहासकारांतही ती मुळातून वाचू शकणारे मोजकेच. अखेर १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने पोर्तुगेज-मराठे संबंध हा त्यांचा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या जानेवारीत गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे यावर मतदान केले होते. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी एका वर्षात गोमंतकाने आपले राजकीय वेगळेपण राखले आणि त्याच्या दप्तरातील मराठ्यांचा इतिहास मराठीत आला, हा योग गमतीचा खराच. आज शिवकाळावर, संभाजी महाराजांवर किंवा वसईच्या मोहिमेवर लिहिणारा कोणताही जबाबदार लेखक हे पुस्तक टाळू शकत नाही. ज्या पत्रांचे मराठी मूळ कायमचे हरवले आहे ती पोर्तुगीज भाषांतरातून परत मराठीत आली. शब्द तेच नसतील, पण मजकूर परतला.

आपल्या भाषेच्या आरंभीच्या छापील पुस्तकांकडेही त्यांनी लक्ष दिले होते. गोव्यात सतराव्या शतकात रोमन लिपीत मराठी ग्रंथ छापले गेले, फादर स्टीफन्स हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. गोव्यात छापलेल्या या पहिल्या मराठी पुस्तकांविषयी त्यांनी १९५६ मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. देवनागरी सोडून लिहिलेली मराठी ही मराठीच, आणि तिची नोंद मराठीच्या खात्यात झाली पाहिजे, असा सूचीकाराचा काटेकोरपणा त्यामागे दिसतो.

१० जुलै १९६९ रोजी पिसुर्लेकर निवर्तले. मराठी ग्रंथ हाती येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके पुढे गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली आणि त्यांच्या नावाचा स्वतंत्र संग्रह म्हणून ती तेथे ठेवलेली आहेत. ताळगावच्या पठारावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी त्या कपाटांपुढे उभे राहावे. पोर्तुगीज, मराठी, इंग्रजी, फ्रेंच ग्रंथ एकमेकांना खेटून उभे आहेत. एका माणसाच्या डोक्यात किती भाषांची ये-जा चालत असेल याचा अंदाज पुस्तकांच्या पाठी पाहूनही येतो.

पणजीच्या दप्तरातील काम संपलेले नाही. मालिकांची ओळख झाली, पण शेकडो खंडांतील एकेका पत्राची नोंद अजून व्हायची आहे, आणि जुने पोर्तुगीज वाचणारे, त्याच वेळी मराठी आणि कोकणी नावे कानाने ओळखणारे तरुण दरवर्षी कमी होत आहेत. संगणकावर पानांची छायाचित्रे चढवता येतात. मात्र ज्या छायाचित्राला नाव, तारीख आणि विषय जोडलेला नाही ते पान शोधूनही सापडत नाही.

लोधीखेड्याच्या त्या घराशी मी अधूनमधून बोलतो. गाठोडे सोडून कागद सुटे करा, ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पेन्सिलीने हलका आकडा घाला, आणि वहीत तो आकडा, कागदाची लांबी-रुंदी आणि शिक्का असल्यास त्याची खूण लिहा, एवढेच मी सुचवले होते. वाचणारा नंतर येईल. मध्यंतरी यजमानांनी सांगितले की वही केली आहे. आकड्यांचा रकाना भरत चालला आहे. विषयाचा रकाना त्यांनी आखून कोरा ठेवला आहे.